काटा, चाक आणि पांढरा चीक

बालमित्रांनो, तुमच्या शाळेच्या वाटेवर काय काय लागतं? कुणाच्या वाटेवर चौकातला सिग्नल लागत असेल, कुणाच्या वाटेवर वडापावची गाडी. माझ्या शाळेच्या वाटेवर काटे लागतात. थोडेथोडके नाहीत, आणि एकाच जातीचे तर मुळीच नाहीत!

मी माणदेशातल्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. पहिली ते पाचवीची शाळा, आम्ही दोघं शिक्षक. माणदेश म्हणजे माणगंगेच्या खोऱ्यातला मुलूख. सातारा, सांगली, सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांत थोडा थोडा पसरलेला. पाऊस आमच्यावर जन्माचा रुसलेला. तुमच्यापैकी मोठ्या मुलांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचली असेल. १९५५ साली आलेल्या त्या कादंबरीतला तरुण मास्तर याच मुलखातल्या धनगरांच्या वाडीवर शिकवायला जातो. तो चालत गेला होता, मी सायकलनं जाते. गावापासून वस्ती साडेचार किलोमीटर. निम्म्या वाटेवर डांबर संपतं आणि पुढे गाडीवाट सुरू होते. माळ, ओढा, पुन्हा माळ.

आता आमच्या काट्यांची ओळख करून देते.

सगळ्यात दिमाखदार काटा बाभळीचा. पांढरा, सरळ, टोकदार, आणि नेहमी जोडीनं. नीट पाहिलंत तर पानाच्या बुडाशी डावीकडे एक, उजवीकडे एक असतो. देठाच्या बुडाशी जी छोटी उपपर्णं असतात ना, त्यांचेच हे काटे झालेले. बोट-बोटभर लांब वाढतात. चपलेच्या तळव्यातून आरपार येतात, मग टायर काय चीज आहे! दुसरी वेडी बाभूळ. ही मूळची अमेरिकेकडची. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आणली आणि आता कुणाला आवरत नाही. शेळ्या तिच्या शेंगा आवडीनं खातात, आणि लेंड्यांतून तिचं बी गावभर पेरतात. कच्छमध्ये तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. म्हणजे तिकडेही वेडीच ठरली बिचारी. तिसरी बोर. बोरीचे काटेही जोडीनं, पण जोडी विजोड. एक सरळ, दुसरा वाकडा. सरळ टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. बोरं चोरायला गेलेल्यांना हे मी सांगायला नको!

आणि चौथा सराटा. हा झाडावर नसतोच मुळी, जमिनीवर असतो. त्याच्याबद्दल शेवटी सांगीन, कारण तो आमचा खरा वैरी.

तुम्ही म्हणाल, काटे झाडाला असतात, रस्त्यावर कुठून येतात? सांगते. उन्हाळ्यात धनगर आकडीनं बाभळीचे डहाळे पाडतात, शेळ्या-मेंढ्यांच्या पोटासाठी. पाला जातो, काटे राहतात. पेरणीच्या आधी शेतकरी बांधाला कुंपण घालतात. बोरी-बाभळीच्या फेसाट्या दोरीला बांधून वाटेनं फरफटत नेतात. जिथून फेसाटी गेली, तिथं काटे सांडले. यात कुणाचा दोष नाही. ज्याला त्याला आपलं जित्राब आणि आपलं पीक राखायचं असतं. पण मधल्यामध्ये सायकलवाला मरतो.

हवेनं भरलेलं टायर आलं आणि काट्याचं फावलं, असंही म्हणता येईल. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर बनवलं. त्याआधी सायकलींना भरीव रबराच्या धावा असायच्या. दगडावरून जाताना हाडं खिळखिळी व्हायची, पण पंक्चर ही भानगडच नव्हती. हवा आली, सुख आलं, आणि सुखाबरोबर पंक्चरही आलं.

आता ज्या मुलीमुळे मी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. ‘नाव नका लिहू बाई,’ असं तिनं बजावलंय. आमच्या शाळेतली बारकी पोरं तिला ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू.

ताई पाचवीपर्यंत आमच्याच शाळेत होती. पुढची शाळा गावात. रोज जाऊन-येऊन नऊ किलोमीटर. आठवीत गेल्यावर तिला सरकारी योजनेतून सायकल मिळाली. काळीभोर, पुढे जाळीची बास्केट असलेली. सायकल आल्या दिवशी तिनं तिला हळदकुंकू लावलं होतं. ही गोष्ट २०२२ च्या जुलैची. मग श्रावण आला, माळ हिरवा झाला, आणि ताईची गैरहजेरी सुरू झाली. आठवड्यातून एक दिवस, मग दोन दिवस. मी सकाळी जाताना ती मला उलट वाटेनं भेटायची. तिची सायकल तिच्या हातात, चाक बसलेलं.

“काय गं?”

“बसली बाई. पुन्यांदा.”

पंक्चर काढणारं दुकान एकच, गावात एसटी स्टँडसमोर. पंक्चर वस्तीजवळ झालं तर चार किलोमीटर सायकल ढकलत न्यायची. तोवर पहिले दोन तास संपलेले. शिवाय दर वेळी वीस-तीस रुपये. ताईचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ते थेट उन्हाळ्यातच परततात. घरी आजी आणि ताई. आजीच्या बटव्यातनं आठवड्याला साठ रुपये पंक्चरला जायला लागल्यावर आजीनं एक दिवस निकाल दिला. “बास झाली साळा. आज काटा, उद्या काटा. दसरा झाला की जाईल आईबापासंगं फडावर. चार पैसं तरी येतील.”

मुलांनो, फडावर म्हणजे उसाच्या फडावर. एकदा तिकडे गेलेली मुलगी पुन्हा वर्गात बसलेली मी फारशी पाहिलेली नाही.

मी आजींकडे गेले. शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही बोलले नाही. आजींना ते कळत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांचा हिशेब चोख होता, आणि हिशेबाला हिशेबानंच उत्तर द्यावं लागतं. मी विचारलं, “आजी, पंक्चर घरीच निघालं, पैसे लागले नाहीत, तर?”

आजी म्हणाल्या, “मग जाईना का. मी कुठं तिला धरून ठेवलीया?”

झालं तर मग! स्टँडसमोरच्या पंक्चरवाल्या चाचांना मी विनंती केली. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. शाळा सुटल्यावर चाचा आपली पेटी घेऊन वस्तीवर आले. आमच्या चौथी-पाचवीची पोरं, ताई, आणि गावात शिकायला जाणाऱ्या आणखी तीन मुली. आपलंच गिऱ्हाईक कमी होणार हे चाचांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी काही राखून ठेवलं नाही. असे लोक असतात.

त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. काटा दिसला की आपण काय करतो? चटकन उपटतो. चाचा म्हणाले, “उपटू नका! आधी खडूनं खूण करा. काटा तुमचा दुश्मन नाही, साक्षीदार आहे. भोक कुठं आहे ते तोच सांगतो.” खरंच की! काटा उपटून फेकला तर काळ्या टायरवरचं टाचणीएवढं भोक पुन्हा सापडायचं नाही. मग सगळी ट्यूब बाहेर काढा, हवा भरा, घमेल्यातल्या पाण्यात बुडवा आणि बुडबुडे शोधत बसा. खूण केलेली असली तर तेवढीच जागा उघडायची. टायरची एक बाजू लिव्हरनं उचलायची, खुणेपाशी ट्यूब बाहेर ओढायची, जागा कानशीनं खरवडायची. सोल्युशन लावल्यावर घाई करायची नाही. बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच ठिगळ दाबून बसवायचं. पोरांचं सगळ्यात जास्त चुकायचं ते इथेच. ओल्या सोल्युशनवर ठिगळ बसवायचे आणि ते सरकायचं.

आणि दुसरी गोष्ट. ठिगळ लावून झालं की ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवायचा. “ट्यूब जोडशील आणि काटा टायरातच राहिला,” चाचा ताईला म्हणाले, “तर उद्या परत माझ्याच दारात येशील.” पण हात उघडा फिरवायचा नाही, बोट फाटतं. जुन्या सुती कापडाचा बोळा घ्यायचा. काटा बारीक असला, डोळ्यांना दिसत नसला, तरी कापड त्याला अडकतंच. ताईनं हे अगदी लक्षपूर्वक पाहिलं. पुढे ते कसं कामाला आलं ते बघा.

शाळेसाठी एक पंप, दोन लिव्हर, एक कानस, ठिगळं आणि सोल्युशनची नळी घेतली. ती पेटी अजून आमच्या कपाटात आहे, नकाशांच्या खाली. दसरा झाला, ताईचे आईवडील कारखान्याच्या गाडीत बसून गेले. ताई मागे राहिली.

त्याच वर्षी दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला. तेव्हा तो अकरावीत होता. येताना गाडीच्या टपावर बांधून आपली सायकल घेऊन आला. डोंगरात चालवायची ती जाड चाकांची सायकल. आमच्या वस्तीवरच्या पोरांनी असलं चाक ट्रॅक्टर सोडून कशाला पाहिलंच नव्हतं! भाच्यानं ऐटीत जाहीर केलं, “मावशी, माझी सायकल पंक्चरच होत नाही. ट्यूबलेस आहे.”

“म्हणजे काय रे?” मी विचारलं.

म्हणजे असं, की आत ट्यूबच नाही. टायरची कड रिमच्या खाचेत इतकी घट्ट बसते की तिथून हवा निसटत नाही. रिमला तारांची भोकं असतात, ती आतून हवाबंद चिकटपट्टीनं झाकलेली. मोटारींना असली टायरं फार पूर्वीपासून होती. डोंगरातल्या सायकलींसाठी ती आली १९९९ च्या सुमारास, फ्रान्समधल्या माविक कंपनीच्या पद्धतीमुळे. ट्यूब नसली की हवा कमी ठेवता येते. आपल्या साध्या सायकलीत चाळीस-पन्नास पौंड हवा मारतात, भाचा पंचविसावर चालवतो. एवढ्या कमी हवेवर ट्यूबची सायकल दगडावर घातली तर रिम आणि दगड यांच्या मधे ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. ट्यूबच नाही, तर चिमटणार काय? मऊ चाक दगडाला मिठी मारून चालतं, घसरत नाही.

“पण काटा?” ताईनं विचारलं. तिला साप-बिप काही नको होतं. तिचा प्रश्न एकच.

भाचा हसला आणि सायकल घेऊन सरळ पडीक रानात घुसला. कार्तिकातलं रान, सराटे वाळून टणक झालेले! पाच मिनिटांनी परत आला तेव्हा दोन्ही चाकांना मिळून अकरा सराटे आणि बाभळीचा एक काटा. पोरांनी मोठ्यानं मोजले. “आता बसणार! आता बसणार!” असा गलका झाला. भाच्यानं एक सराटा नखानं काढला. सूंऽऽ असा आवाज आला, भोकातून पांढरा थेंब उडाला. त्यानं चाक फिरवून भोक जमिनीकडे आणलं. आणखी एकदा सूं झालं, पांढरे बुडबुडे आले, आणि एकदम शांत. हवा बंद!

दुसरीतला एक मुलगा ओरडला, “दादा, तुमच्या सायकलीला चीक हाय!”

मित्रांनो, त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. टायरच्या आत पातळ पांढरा द्रव भरलेला असतो. एका चाकात साधारण शंभर मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. बहुतेक द्रवांत रबराच्या झाडाचा चीकच असतो, त्यात बारीक कण किंवा तंतू मिसळलेले. चाक फिरतं तसा तो आतून सगळीकडे पसरतो. कुठे भोक पडलं की हवेच्या जोरानं तो त्या भोकाकडे धावतो. कण भोकाच्या तोंडाशी अडकतात, चीक त्यांच्याभोवती गोठतो, बूच बसतं. तुमचा गुडघा फुटल्यावर रक्त गोठून खपली धरते ना, तसंच. रुईचं पान तोडलं की जखमेवर चीक येतो आणि सुकतो, तोही याच जातीचा खेळ. (रुईचा चीक डोळ्यांजवळ नेऊ नका बरं का, डोळे जातात!)

भोक खाली का आणायचं, तेही यातच आलं. चाक थांबलं की चीक बुडाशी साचतो. भोक वर राहिलं तर तिथे चीक पोचणारच नाही, नुसती हवा जाईल. मोठं भोक मात्र चिकाला झेपत नाही. चार-सहा मिलिमीटरच्या पुढे गेलं की सुईसारख्या अवजारानं चिकट रबरी दोरीचा तुकडा भोकात खुपसावा लागतो, मोटारीच्या ट्यूबलेस टायरला खुपसतात तसाच.

बाभळीच्या काट्याला मात्र भाच्यानं हात लावला नाही. म्हणाला, “हा राहू दे. हाच बूच आहे.” वर आलेला भाग तेवढा कापून टाकला. पोरांना फार गंमत वाटली. पण ताई त्या काट्याकडे बघत राहिली.

“आतलं टोक कुठं जातं मग?”

“कुठं नाही, राहतं आत. काय बिघडतं?”

ताई काही बोलली नाही.

त्यानंतर भाचा आला तो २०२३ च्या मे महिन्यात. तोच रुबाब, तीच सायकल. सकाळी सातला माळावर निघाला, टेकडीवरच्या देवळापर्यंत जाऊन येतो म्हणाला. साडेअकरा वाजले तरी पत्ता नाही. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे चाळीसच्या वर. मी पाण्याची बाटली घेऊन निघणार, तेवढ्यात स्वारी आली. लालबुंद चेहरा, सायकल हातात, मागचं चाक रिमवर टेकलेलं. योगायोगानं ताई माझ्याकडे वाचनालयाची पुस्तकं परत द्यायला आलेली होती.

झालं होतं असं. देवळाच्या खालच्या उतारावर बाभळीचा काटा घुसला. भाच्यानं तो काढला, चाक फिरवलं, भोक खाली आणलं. पण ना थेंब, ना बुडबुडा! चीक होताच कुठे? दिवाळीनंतर त्यानं तो भरलाच नव्हता. हा द्रव दोन ते सहा महिन्यांत सुकतो, आणि ऊन जितकं कडक तितका लवकर. चाक हातानं हलवलं तर आत पाण्यासारखं खळखळायला हवं. खळखळ नाही म्हणजे चीक संपला. भाच्याजवळ एक जादा ट्यूब होती. शहाणा मुलगा, असल्या वेळेसाठीच ठेवलेली. त्यानं ती टायरमध्ये घातली, पंप मारला, निघाला. शंभर पावलांवर पुन्हा सूंऽऽ. तीन किलोमीटर ढकलत आला.

“ट्यूबच खराब असणार,” तो म्हणाला.

ताईनं पुस्तकं ओट्यावर ठेवली. “दादा, टायर काढू?”

तिनं दोन लिव्हर लावून टायर उतरवलं आणि आतली बाजू बाहेर उलटी केली. आत वाळलेल्या चिकाचा पापुद्रा, दुधावरच्या सायीसारखा. जागोजागी चिकाच्या गोळ्या. तिनं ओढणीचं टोक हाताशी गुंडाळलं आणि टायरच्या आतून सावकाश फिरवलं. अडकलं. थांबली, खडूनं खूण केली. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं. मी आणि भाचा मोजत होतो. पाच, आठ, बारा... सगळे मिळून सतरा निघाले! कुठे सराट्याचं मोडलेलं टोक, कुठे बाभळीचा कापलेला काटा. दिवाळीतला तो ‘बूच’सुद्धा त्यांत असणार.

हे काटे इतके महिने आत होतेच. चिकानं प्रत्येकाभोवती खपली धरली, हवा जाऊ दिली नाही, म्हणून भाच्याला त्यांचा पत्ताच लागला नाही. ट्यूबलेसचं हे असं आहे बघा. काटे तिलाही टोचतात, नुसते कळत नाहीत. आणि ज्या घटकेला त्यात ट्यूब घातली, त्या घटकेला सतराच्या सतरा टोकं तिच्यावर उठली. ट्यूब खराब नव्हतीच. तिला सहा भोकं पडली होती, पण त्यात तिचा काय दोष?

वर डोकावणारे काटे ताईनं पकडीनं ओढले. जे आतूनच दिसत होते आणि बाहेर मोडलेले होते, ते दाभणानं आतून बाहेर ढकलले. मग ट्यूबला सहा ठिगळं. दोघं मिळून लावत होते. भाचा ओल्या सोल्युशनवरच ठिगळ ठेवायला गेला, तर तिनं त्याचा हात धरला, “थांबा की दादा. वाळूंद्या.” पाऊण तास गेला. हवा भरली, टिकली.

“तू हे कुठं शिकलीस गं?” भाच्यानं विचारलं.

“रोजचंच हाय की,” ती म्हणाली आणि पुस्तकं घेऊन निघून गेली.

जाताना भाचा चिकाची अर्धी बाटली ताईसाठी ठेवून गेला. तो द्रव साध्या ट्यूबमध्येही व्हॉल्व्ह काढून ओतता येतो. तिनं ओतून पाहिला. आठ-दहा दिवस बरं चाललं, मग व्हॉल्व्हची रबरी नळी चिकटून बसली आणि हवाच भरता येईना. शिवाय एका बाटलीच्या किमतीत आमच्याकडे साध्या सायकलीची दोन टायरं येतात. हे ऐकून आजींनी कपाळावर हात मारला होता. त्यापेक्षा चाचांनी सांगितलेली युक्ती बरी निघाली. जुनी निकामी ट्यूब उभी चिरायची, तिची पट्टी टायरच्या आत अस्तरासारखी बसवायची आणि वर चांगली ट्यूब. सायकल थोडी जड चालते, पण सराट्याची टोकं अस्तरातच थांबतात. बाभळीला मात्र अस्तरही पुरत नाही. तिच्यासाठी पेटी आहेच.

आठवीच्या दुसऱ्या सत्रात ताईची गैरहजेरी होती चार दिवस. त्यातले दोन तापाचे. २०२५ साली ती दहावी पास झाली. आता अकरावीला तालुक्याला जाते. एसटी गावातून सुटते, म्हणजे स्टँडपर्यंत सायकल आलीच.

आता सराट्याचं सांगायचं राहिलंय. त्यालाच गोखरू म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. ट्रिब्युलस म्हणजे युद्धात वाटेवर टाकायचा चार टोकांचा लोखंडी काटा. तो कसाही फेका, एक टोक वर राहणारच. घोडे आणि हत्ती अडवायला तो वापरत, आणि आपल्याकडे त्या लोखंडी काट्यालाही गोखरूच म्हणत. सराट्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठी टोकं, खाली दोन बारकी. एकेका तुकड्यात दोन-चार बिया. आता गंमत बघा. सराटा टायरला टोचतो तेव्हा त्याला टायर फाडायचं नसतं, त्याला प्रवास करायचा असतो! बैलाच्या खुरातून, आपल्या चपलेतून, सायकलीच्या चाकातून तो नव्या रानात जातो. म्हणजे वस्तीवरून गावापर्यंत सराटा पेरत जाणारे आपणच.

अमेरिकेतही तो बाहेरून जाऊन पोचलाय. तिकडे त्याला बकरीचं डोकं म्हणतात, कारण तुकड्याला दोन शिंगं दिसतात. आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरातले सायकलवाले तर त्याला इतके वैतागले की २०१८ साली त्यांनी त्याच्याच नावानं सायकलींचा उत्सव सुरू केला. उत्सवाच्या आधी लोक ही वेल उपटून पिशव्या भरतात. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा पोरांचा विश्वासच बसेना. चौथीतली एक मुलगी म्हणाली, “तिकडं बी सराटं? मग आपलं काय वाईट हाय!”

तेव्हापासून भाद्रपदातले शनिवार आमच्या शाळेत सराट्याचे. वेल ओळखायला सोपी आहे. जमिनीला चिकटून चहूबाजूंनी पसरते, पानं चिंचेच्या पानासारखी समोरासमोर, फूल पाच पाकळ्यांचं, पिवळं. फूल दिसलं की उपटायची, हिरवी फळं वाळायच्या आत. मधोमध एकच मूळ असतं. तिथे खुरपं घालून उचललं की अख्खी वेल चटईसारखी वर येते. बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एका वर्षात काम भागत नाही. आम्ही शाळेपासून ओढ्यापर्यंतची वाट वाटून घेतलीय, दर पन्नास पावलांना दोन पोरं. उपटलेल्या वेली पोत्यात भरायच्या, वाळवायच्या आणि जाळायच्या. उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, नाहीतर शेणखताच्या पाटीतून तेच बी पुन्हा रानात जातं.